दिवस संपतो आणि माझं काम सुरूच होत नाही

प्रेसवाली_अंबड | सोमवार, रात्री 11:20

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहितेय.

नाशिकच्या अंबडला आमचं प्रेस शॉप आहे. (छापखाना नव्हे. पत्र्याचे पार्ट दाबून काढतो. दरवेळी सांगावं लागतं.) सासऱ्यांनी दोन पॉवर प्रेसवर सुरू केलेलं, आता अकरा आहेत. माणसं अडतीस. गेली सहा वर्षं मी बघते. काम आहे, माणसंही बरी आहेत. वेळ तेवढा नाही.

आजचाच दिवस सांगते. साडेआठला पोचले तर गेटवर टेम्पो खोळंबलेला, गेट पासवर माझी सही हवी म्हणून. सही करून केबिनकडे निघाले तर टूलरूमचे काका आडवे आले, "ताई, ब्रॅकेटची डाय चढवू का आधी वॉशरची?" (डाय म्हणजे पत्रा दाबायचा साचा.) वॉशरची म्हटलं. खुर्चीत टेकते न टेकते तोच एकाला उचल हवी, मुलाची फी भरायची. मग कस्टमरच्या क्वालिटीवाल्याचा फोन, कालच्या लॉटला बर (कडेला राहिलेली धारदार कोर) आहे. मग चहावाल्याचं बिल. मग परत काका. दुपारचा डबा साडेतीनला उघडला.

एका नव्या पार्टचं कोटेशन शुक्रवारी द्यायचंय. तीन दिवस फाईल उघडी आहे, त्यात पत्र्याचा भाव तेवढा भरलाय. ते काम रात्री आठनंतर, सगळे गेले की.

पहाटे उठणं, ॲप, याद्या, सगळं करून झालं. यादी सुंदर होते आणि यादीच राहते. तुमच्यापैकी जे कारखाना, शाळा, दवाखाना, सोसायटी, शेतकरी गट, काहीही चालवतात, ते नेमकं काय करतात? पुस्तकी नको प्लीज.

गोदाकाठचा_गोट्या | सोमवार, रात्री 11:31

रुमाल टाकून ठेवतो. वेळ मिळाला की वाचेन.

सोऱ्या | सोमवार, रात्री 11:48

शीर्षक वाचून वाटलं कामचुकारांचा धागा आहे, आपल्या हक्काचा. निराशा झाली.

कोडेवाला | मंगळवार, सकाळी 7:15

पोमोदोरो करून बघा. 25 मिनिटं एकच काम, मग 5 मिनिटं सुट्टी. 1980च्या दशकात एका इटालियन विद्यार्थ्यानं काढलेली युक्ती आहे. त्याच्याकडे स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर होतं, म्हणून हे नाव. मला कोडिंगला फार उपयोग होतो.

निफाडचा_पोरगा | मंगळवार, सकाळी 7:40

पिंपळगावला टोमॅटोच्या लिलावात 25 मिनिटं विचार करत बसा, क्रेट दुसराच उचलून नेईल.

प्रेसवाली_अंबड | मंगळवार, सकाळी 8:05

@कोडेवाला, सलग 25 मिनिटं मिळाली असती तर धागा कशाला काढला असता हो!

टिपणवही | मंगळवार, सकाळी 10:22

ताई, पुस्तकी नको म्हणालात तरी थोडं पुस्तकी सांगतो, कारण त्यानं जिवाला बरं वाटेल. हेन्री मिंट्झबर्ग नावाचे कॅनडाचे प्राध्यापक. पाच मोठ्या अधिकाऱ्यांच्या मागे एकेक आठवडा फिरून त्यांनी नोंदी केल्या आणि 1973 साली मांडल्या. त्या साहेबांची निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत आटपणारी होती. तासाभराच्या वर चाललेली दहातलं एक. म्हणजे शांतपणे खिडकीबाहेर बघत विचार करणारा साहेब सिनेमातच.

नंतर हार्वर्डच्या पोर्टर आणि नोहरिया यांनी 27 कंपन्यांच्या मुख्य अधिकाऱ्यांचा वेळ प्रत्येकी 13 आठवडे, दर पाव तासाला नोंदवून घेतला. ते 2018 ला प्रसिद्ध झालं. आठवड्याला सरासरी 62.5 तास काम, आणि त्यातला 72 टक्के वेळ मीटिंगांत. तेव्हा तुकडे होणं हा तुमचा दोष नाही, त्या खुर्चीचाच गुण आहे. प्रश्न एवढाच की कुठले तुकडे तुमच्या ताटात यावेत.

खवचट_काकू | मंगळवार, सकाळी 10:50

62.5 तास? तेरा आठवडे? आमच्या आईच्या मागे एक दिवाळी फिरले असते तर प्राध्यापकांनी वही मिटून फराळाला हात लावला असता.

सडेतोड | मंगळवार, सकाळी 11:30

वैयक्तिक होतंय, पण मिस्टर काय करतात? दोघांनी वाटून घेतलं तर प्रश्नच मिटला.

खवचट_काकू | मंगळवार, सकाळी 11:34

@सडेतोड, धागा एखाद्या भाऊंनी काढला असता तर "मिसेस काय करतात" विचारलं असतंत का?

सडेतोड | मंगळवार, सकाळी 11:52

नसतं विचारलं. मागे घेतो.

प्रेसवाली_अंबड | मंगळवार, दुपारी 2:10

नोकरी करतात, पुण्याला. शनिवार-रविवारी येतात आणि सोमवारचा डबा भरून जातात, माझासुद्धा. पुढे चला.

शाळेची_घंटा | मंगळवार, संध्याकाळी 6:15

मुख्याध्यापिका आहे, सिडको भागात. पटसंख्या नऊशेच्या आसपास. माझा अनुभव सांगते, पटला तर घ्या.

पहिल्या वर्षी मी मधल्या सुट्टीनंतर एक तास केबिनचं दार लावून घ्यायचे. बाहेर पाटी, "कृपया वाट पाहावी". झालं काय, की लोक खरंच वाट पाहायचे. तासानं दार उघडलं की बाकावर सात जण. वर पालकांत बोभाटा की नव्या बाई भाव खातात.

दुसऱ्या वर्षी दार उघडं ठेवलं आणि मीच उठून ग्रंथालयाच्या आतल्या खोलीत जाऊन बसले. केबिन रिकामी दिसली की माणूस लिपिकाला विचारतो, पर्यवेक्षिकेला विचारतो आणि काम करून घेऊन जातो. सातातले पाच जण असेच मार्गी लागले. दार बंद दिसलं की माणूस थांबतो, खुर्ची रिकामी दिसली की दुसरी वाट शोधतो. हे मला बी. एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

तुमच्याकडे ग्रंथालय नसेल. पण प्रेसचा आवाज जिथे कमी येतो असा कुठला कोपरा आहे का?

प्रेसवाली_अंबड | मंगळवार, रात्री 10:40

स्टोअरच्या वरचा माळा. जुन्या डाय ठेवल्यात तिथे. पंखा नाही.

गोदाकाठचा_गोट्या | मंगळवार, रात्री 10:44

पंखा नाही म्हणजे शोधायला कोणी येणार नाही. जागा पक्की करा.

सूर्योदय | बुधवार, सकाळी 5:10

पहाटे चारला उठा. सगळं जग झोपलेलं असतं. समर्थ रामदासांनी आपल्या इथे टाकळीला बारा वर्षं नेमानं पहाटे उठून नदीत उभं राहून साधना केली. नेम हवा.

सोऱ्या | बुधवार, सकाळी 9:20

समर्थांबद्दल पूर्ण आदर. पण त्यांना गेट पासवर सही करायची नव्हती, आणि डबा माधुकरीचा होता.

पंचवटी_पासधारक | बुधवार, सकाळी 9:45

(ठाण्याच्या जवळपास कुठेतरी. रेंज जाते-येते.)

चौदा वर्षं नाशिकरोडहून मुंबईला पंचवटी एक्सप्रेसनं ये-जा करतोय. हाताखाली चाळीस जण आहेत. लोक कीव करतात, रोजचे आठ तास वाया. मला विचाराल तर माझं खरं काम या गाडीतच होतं. आमच्या गाडीत पासधारकांचा एक डबा शांततेसाठी नावाजलेला आहे. पत्ते नाहीत, मोठ्यानं फोन नाहीत. इगतपुरीपर्यंत आणि घाटात तर रेंजही धड नसते. गेल्या तीन वर्षांतले माझे सगळे मोठे निर्णय इगतपुरी ते कसारा या टप्प्यात झालेत. ऑफिसात मी त्यांची अंमलबजावणी करतो, एवढंच.

करोनात घरून काम होतं तेव्हा मी आठ तास जास्त मोकळा होतो आणि डोकं एकदाही मोकळं नव्हतं.

निफाडचा_पोरगा | बुधवार, सकाळी 10:02

म्हणजे ताईंनी रोज कसाऱ्याला जाऊन यावं?

बागाईतदार_दिंडोरी | बुधवार, रात्री 9:05

मी सहा एकर द्राक्षं करतो, आणि आमच्या शेतकरी कंपनीचा संचालकपण आहे. त्यामुळे दोन्हीकडचं सांगतो.

बागेत वेळेचं नियोजन मी करत नाही, बाग करते. ऑक्टोबर छाटणी झाली की लगोलग पेस्ट लावावी लागते. उद्या-परवा करून चालत नाही, नाहीतर डोळे एकसारखे फुटत नाहीत आणि पुढचे चार महिने ती बाग मागंपुढं होत राहते. जीएचं (मणी फुगवायच्या संजीवकाचं) डिपिंग ज्या दिवशी मणी त्या आकाराचे झाले त्या दिवशीच. फुलोऱ्यात पाऊस आला तर रात्री दहाला डाऊनीचा (बुरशीच्या रोगावरचा) स्प्रे काढायचा की पहाटे, हे तिथल्या तिथं ठरवायचं. त्या दिवसांत माझा फोन घरी असतो. मुख्यमंत्र्यांचा आला तरी मंडळी सांगतील, "बागेत आहेत."

आता कंपनीत या. तिथे सगळंच अर्जंट. क्रेट कुठले घ्यायचे याच्यावर दीड तास मीटिंग, आणि निर्यातीच्या बागांच्या औषधांच्या नोंदी तपासायच्या त्याला पाच मिनिटं. माल परत आला की मग डोळे उघडतात. म्हणून मी एक केलं. वर्षाच्या सुरुवातीला पंधरा तारखा काढल्या, ज्या चुकल्या तर पैशानं भरून निघत नाहीत. त्या भिंतीवर. बाकीचं ज्यानं त्यानं बघावं, चुकलं तर चुकलं.

ताई, तुमचं कोटेशन म्हणजे पेस्ट आहे. चहावाल्याचं बिल म्हणजे क्रेट.

टिपणवही | बुधवार, रात्री 9:30

@बागाईतदार, आयझेनहॉवरच्या चौकटीवर लोक हजारो रुपयांची शिबिरं घेतात. महत्त्वाचं आणि तातडीचं यातला फरक तुम्ही दोन ओळींत सांगितलात.

बागाईतदार_दिंडोरी | बुधवार, रात्री 9:41

ते कोण? बागाईतदार होते का?

टिपणवही | बुधवार, रात्री 9:43

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष होते. पण निवृत्तीनंतर त्यांनी शेती केली, हे खरं.

मिसळप्रेमी_सातपूर | बुधवार, रात्री 10:15

अवांतर: लीडर म्हणजे मराठीत पुढारी ना? मग पुढाऱ्यांचं वेळेचं नियोजन एकदम सोपं असतं. कार्यक्रम पाचचा, येणार सातला, बोलणार आठपर्यंत, आणि "वेळेअभावी थांबतो" म्हणणार.

अतिअवांतर: मंडळी, रविवारी गंगापूर रोडला मिसळ कट्टा करूया का?

सोऱ्या | बुधवार, रात्री 10:18

रस्सा काळा की लाल ते आधी ठरवा. मागच्या वेळी यावरच दोन तास गेले होते.

निवृत्त_नाझर | गुरुवार, सकाळी 6:50

38 वर्षं सरकारी नोकरी करून निवृत्त झालो. मिसळीच्या मधे शिरतो, क्षमा असावी.

सरकारला सगळे नावं ठेवतात, मीही ठेवतो. पण एक गोष्ट आमच्याकडे लिहिलेली असते. कुठल्या हुद्द्याच्या माणसानं किती रुपयांपर्यंतचा खर्च स्वतःच्या सहीनं मंजूर करायचा. त्याला वित्तीय अधिकार म्हणतात, त्याचं पुस्तकच आहे. सादिलवार, म्हणजे किरकोळ, खर्चाच्या खडू-फडक्यासाठी कुणी कलेक्टरकडे जात नाही. खासगी कारखान्यात मी उलट पाहिलंय. मालकाचा स्वभाव हेच पुस्तक. आज दोनशेला "मला का विचारलं" आणि उद्या दीडशेला "मला का नाही विचारलं". मग माणूस शहाणा होतो आणि सगळंच विचारतो.

2015च्या सिंहस्थात ड्यूटीवर होतो. 29 ऑगस्ट, 13 आणि 18 सप्टेंबर, या नाशिकच्या तीन पर्वण्या. पर्वणी पुढे ढकलता येत नाही, आणि त्या गर्दीत वरच्या साहेबांना विचारून येतो म्हणायची सोय नसते. म्हणून आम्ही आधीचे काही महिने एकच घोकत होतो, कुठल्या टप्प्यावर कोण ठरवणार. पर्वणीच्या दिवशी आमच्या साहेबांचा फोन दिवसभरात मोजून चार वेळा वाजला असेल. ते घाटावर खुर्ची टाकून बसले होते. पाहणाऱ्याला वाटलं असेल, काय रिकामा माणूस आहे. आता 2027ची खणाखणी चालू आहे, द्वारका चौकात अडकलो की तेच साहेब आठवतात.

भाजलेला_उद्योजक | गुरुवार, दुपारी 1:25

नाझरकाका, ऐकायला छान आहे. मी दिले होते अधिकार. सुपरवायझर, अकरा वर्षं जुना माणूस. स्क्रॅपचा व्यवहार त्याच्या हातात दिला, मला वेळ नाही म्हणून. आठ महिन्यांनी वजनकाट्याच्या पावत्या लावून बघितल्या तर दर फेरीला पाऊणशे-शंभर किलो कमी. पोलिसांत गेलो नाही, त्याच्या मुलीचं लग्न तोंडावर होतं. तेव्हापासून प्रत्येक पावतीवर माझी सही. रात्री नऊ वाजतात, वाजू देत. ताई, लोक सल्ले देतील, पैसे तुमचे जातील.

निवृत्त_नाझर | गुरुवार, दुपारी 4:02

वाईट वाटलं. पण तुम्ही अधिकार दिला आणि तपासणी सोडली. आमच्याकडे दोन्ही जोडीनं येतात. अधिकाराबरोबर नोंदवही, नोंदवहीबरोबर अचानक तपासणी. पावत्या दर शनिवारी लावल्या असत्या तर आठ महिने लागले नसते, आणि तो माणूसही कदाचित वाचला असता.

भाजलेला_उद्योजक | गुरुवार, दुपारी 4:30

शेवटचं वाक्य मनाला लागलं. तरी सही मी सोडणार नाही.

टिपणवही | गुरुवार, रात्री 9:12

1974 साली हार्वर्डच्या नियतकालिकात ऑन्कन आणि वॉस यांचा एक लेख आला होता. हाताखालचा माणूस येतो, म्हणतो "साहेब, एक अडचण आहे", साहेब म्हणतात "बघतो". त्या क्षणी त्याच्या खांद्यावरचं माकड उडी मारून साहेबांच्या खांद्यावर येतं. संध्याकाळी साहेबांकडे पंधरा माकडं आणि माणूस मोकळा.

निफाडचा_पोरगा | गुरुवार, रात्री 9:20

अंजनेरीच्या जिल्ह्यात माकडांबद्दल जपून बोला.

सोऱ्या | गुरुवार, रात्री 9:24

आणि सप्तशृंगीला माकड खांद्यावर येत नाही, थेट पिशवी नेतं. लेखकांनी क्षेत्रभेट दिलेली दिसत नाही.

शाळेची_घंटा | गुरुवार, रात्री 9:50

ताई, एक करून बघा. आठवडाभर, जितक्या वेळा कोणी काही विचारायला येईल तितक्या रेघा कॅलेंडरच्या मागे मारा. विषय लिहा, बाकी काही बदलू नका. मी केलं होतं. माझ्याकडे सगळ्यात जास्त रेघा "बाई, किल्ली" याला होत्या.

मिसळप्रेमी_सातपूर | रविवार, सकाळी 11:40

कट्टा झाला. सहा जण आले. ताई आल्या नाहीत, वेळ नव्हता.

प्रेसवाली_अंबड | तिसऱ्या आठवड्यातला बुधवार, दुपारी 3:40

मंडळी, धागा वर काढते.

घंटाताईंचं ऐकून सहा दिवस रेघा मारल्या. 143. त्यातल्या 38 "कुठली डाय आधी", 31 गेट पास, 27 पैशांसाठी. उरलेल्या 47 किरकोळ. खरोखर मीच सांगायला हवं होतं अशा, प्रामाणिकपणे मोजल्या तर, बारा की तेरा.

मग नाझरकाकांचं घेतलं. सुपरवायझरकडे दोन हजारांची पेटी आणि वही, दर शनिवारी मी बघणार. नेहमीच्या चार कस्टमरच्या गेट पासवर डिस्पॅचवाल्याची सही. उद्याच्या डायचा क्रम आदल्या दिवशी पाचला बोर्डावर, खडूनं. भाजलेले दादा, स्क्रॅप मात्र माझ्याकडेच ठेवलंय, तुमची आठवण ठेवून.

तिसऱ्याच दिवशी वॉशरच्या कस्टमरकडे चारशे ब्रॅकेट गेले. फोन आला, मी ताडकन उठले, डिस्पॅचवाल्याची सही बंद करते म्हणून. जिना उतरताना आठवलं, मार्चमध्ये असंच झालं होतं आणि त्या पासवर सही माझी होती. टेम्पोत बसलेला माल मी तेव्हाही मोजला नव्हता, सहीच केली होती. खाली जाऊन एवढंच सांगितलं की पेटीवर मार्करनं पार्टचं नाव लिहा.

आता जे सांगायला लाज वाटतेय ते. बोर्ड लावल्यावर टूलरूमचे काका दोन दिवस माझ्याकडे फिरकले नाहीत. मला करमेना. तिसऱ्या दिवशी मीच टूलरूममध्ये गेले आणि विचारलं, "काका, कुठली डाय चढवलीत?" त्यांनी बोर्डाकडे बोट केलं. अक्षर माझंच होतं.

इतकी वर्षं मी म्हणत होते की हे लोक मला सोडत नाहीत.

पंचवटी_पासधारक | बुधवार, दुपारी 3:52

शेवटची ओळ वाचून गप्प बसलोय. रजेच्या दिवशी ऑफिसमधून एकही फोन आला नाही तर मीच करतो, "सगळं ठीक ना?" म्हणून.

बागाईतदार_दिंडोरी | बुधवार, दुपारी 4:05

कोटेशनचं काय झालं?

प्रेसवाली_अंबड | बुधवार, दुपारी 4:09

गेलं. त्याच शुक्रवारी, माळ्यावर बसून केलं, घामाघूम होऊन. ऑर्डर मिळाली नाही, भाव जास्त पडला म्हणे. दुसरं आलंय, ते आज करतेय.

खवचट_काकू | बुधवार, दुपारी 4:11

एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली का? बाईंनी भरदिवसा पोस्ट टाकलीय. डबा झाला का?

प्रेसवाली_अंबड | बुधवार, दुपारी 4:14

दीडला झाला. आता चहा. माळ्यावर पंखा पण बसवला

थांबा, काका जिन्यावर उभे आहेत. आलेच.

गोदाकाठचा_गोट्या | बुधवार, दुपारी 4:20

मी म्हटलं होतं, पंखा बसवू नका.